पाणवठा : पाणी निवलं की मासा कुठं जातो?

दसऱ्यापासून आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: पावसाळ्यात लागणारा मासा थंडी सुरू झाली की गायब का होतो. एक पत्र थेट अमेरिकेतल्या तळ्याबद्दल आहे. तेही घेतलं आहे, कारण पाणी निवताना मासा जसा वागतो ते समजायला त्याचा इथेही उपयोग आहे.

प्रश्न : श्रावण-भाद्रपदात उजनीच्या काठावर चिलापी सहज लागायची, मधूनच रोहूही. गळ काठापासून दहा फुटांवर पडला तरी पुरायचं. दिवाळी झाली आणि तीच जागा, तोच चारा, पहाटे पाचपासून बसूनही तरंगा हलत नाही. मासा गेला कुठं?
(एक वाचक, टेंभुर्णी)

उत्तर : मासा फार लांब गेलेला नाही. तुमचा काठ बदलला आणि वेळही बदलली.

पावसाळ्यात धरण चढत असतं. उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेरीची जमीन, हरळी, वेड्या बाभळीची झुडपं पाण्याखाली जातात. त्यातली गांडुळं, किडे, कुजणारं गवत खायला मासा अगदी काठाला येतो. दिवाळीनंतर रब्बीची आवर्तनं सुटली की पाणी उतरायला लागतं. ऑगस्टमध्ये जिथं गवत होतं तिथं आता नुसता चिखल असतो. खायला काही नाही तिथं मासा थांबत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत येतो. दोन-तीन फूट खोल पाणी रात्रभर उष्णता सोडतं आणि पहाटे ते आतल्या खोल पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गार झालेलं असतं. म्हणजे पहाटे पाचला तुम्ही अख्ख्या जलाशयातल्या सगळ्यात गार पट्ट्यात गळ टाकून बसता. पहाटे बसायची सवय ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात बरोबर असते, कारण तेव्हा दुपारी वरचं पाणी तापतं आणि मासा खाली सरकतो. मार्गशीर्षात हे उलटं होतं. सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ धरा. सकाळी लवकरच जायचं असेल तर खोल पाण्यात टाका.

खोल म्हणजे किती? तीन फुटांचं सपाट पाणी जिथं एकदम दहा-बारा फुटांवर उतरतं तो उतार शोधा. मासा सकाळी उताराच्या तळाशी असतो आणि ऊन चढलं की वर सपाटीवर येतो. उतार शोधायला यंत्र लागत नाही. तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, जड शिसं बांधा, एवढं जड की तरंग्याला खाली ओढू शकेल. तरंगा शिशापासून पाच फुटांवर बसवून फेका. तरंगा बुडाला तर पाणी पाच फुटांपेक्षा खोल, आडवा पडून राहिला तर उथळ. मग तो सात फुटांवर, दहा फुटांवर सरकवत जा. काठावर दर वीस पावलांनी हे करत गेलात की तासाभरात तळाचा नकाशा वहीत उतरतो.

त्याहून सोपा नकाशा उन्हाळ्यात फुकट मिळतो. मे महिन्यात पाणी उतरलं की बुडीत गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, जुने रस्ते उघडे पडतात. पळसदेवचं जुनं दगडी मंदिर तर पाणी पुरेसं उतरलेल्या वर्षी लोक बघायला जातात. त्या वेळी तुमच्या काठावरून एक फेरी मारा, मोबाईलमध्ये जागेची खूण करून फोटो काढून ठेवा. शिंगाडा आणि वाम या माशांना असे दगड, भिंतींचे कोपरे, ओढ्याचं जुनं पात्र आवडतं. तिथं गळ अडकणारच. म्हणून शिसं मूळ दोरीला न बांधता एका कच्च्या दोऱ्यानं लटकवा, अडकलं की फक्त शिसं तुटेल आणि मासा हातचा जाणार नाही.

आता कोण कुठल्या थरात आहे ते पाहू. मृगल तळ चाळतो. रोहू मधल्या पाण्यात, तळाच्या जरा वर फिरतो. कटला वरच्या थरात असतो, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणून तो वाऱ्याच्या मागे जातो. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि वरचं पाणी पश्चिम-नैऋत्य काठाकडे ढकलतो. कटल्यासाठी तो काठ. मात्र तिथं हिरव्या शेवाळाची जाड साय जमली असेल तर थोडं बाजूला सरका, सायीखाली पहाटे हवा संपलेली असते. चिलापीला हे लागू नाही, ती उष्ण पाण्याची. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की ती मंदावते, सोळाच्या आसपास खाणं जवळजवळ सोडते. तिच्यासाठी वाऱ्यापासून आडोसा असलेली, दुपारभर ऊन खाणारी उथळ खाडी बघा आणि दोननंतर बसा.

जलाशयावर मासेमारीचे हक्क आणि परवाने असतात. नव्या जागी गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी, वडाप नावाच्या जाळ्यानं मत्स्यबीज उपसलं जातं त्याला कुठल्याही प्रकारे हातभार लावू नका. बोटभर लांबीची चिलापी आणि रोहूचं पिल्लू पाण्यातच राहू द्या.

प्रश्न : थरा-थराचं तापमान वेगळं असतं असं तुम्ही म्हणता. ते घरच्या साधनांनी मोजता येईल का?
(करमाळा तालुक्यातून)

उत्तर : येईल, आणि शंभर अंदाजांपेक्षा हे एक मोजमाप उपयोगी पडेल.

पाव लिटरची एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली घ्या. दुहेरी पत्र्याची, चहा गरम राहणारी बाटली चालणार नाही. ती बाहेरचं तापमान आत येऊच देत नाही. बाटली तळ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरा आणि पाण्याखालीच झाकण लावा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बाटली हेलकावे खाते. प्लॅस्टिकची पातळ बाटली अर्धी रिकामी सोडली तर तीस फुटांवर दाबानं चेपते. बाटलीच्या गळ्याला अर्धा किलोचा दगड आणि दोरी बांधा. दोरीला दर तीन फुटांवर गाठ मारून लोकरीचा रंगीत धागा गुंफा, म्हणजे ओल्या हातानंही मोजता येतं.

बाटली हव्या त्या खोलीवर पंधरा मिनिटं राहू द्या. वर ओढून लगेच झाकण उघडा, मत्स्यालयात वापरतात तो काचेचा तापमापक आत बुडवा आणि अर्ध्या मिनिटानं आकडा वाचा. हे सगळं सावलीत करा. बाटली उन्हात दोन मिनिटं राहिली तर एक अंश सहज चढतो आणि आपण शोधतो तो फरकच तेवढा असतो. तीन, नऊ आणि अठरा फुटांवर मोजा. वेळ सकाळी सात ते आठची, रोज तीच.

तीन आणि अठरा फुटांच्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक असेल तर पाणी थरांत विभागलेलं आहे. मासा वरच्या थरात किंवा थरांच्या सीमेवर असेल, अगदी तळाशी गळ सोडण्यात अर्थ नाही. फरक जवळजवळ शून्य असेल तर पाणी वरपासून खालपर्यंत घुसळून निघालं आहे आणि मासा कुठल्याही खोलीवर असू शकतो.

एका अंशानं काय होतं, असं वाटेल. पण कोमट पाण्याला एक अंश पुष्कळ असतो. ३० अंशांवरून २९ वर येताना पाणी जेवढं जड होतं, ते १० वरून ९ वर येताना होतं त्याच्या तीनपटीहून जास्त आहे. म्हणून आपल्याकडे दोन अंशांचा फरकही थरांना घट्ट धरून ठेवतो आणि एखाद्या गार, वाऱ्याच्या रात्रीत तो थर मोडतो.

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं तिकडे आहोत. तो मला टेक्सोमा नावाच्या तळ्यावर ‘स्ट्रायपर’ धरायला नेणार म्हणतोय. हा कुठला मासा? थंडी पडताना तो कसा शोधतात? आयुष्यभर उजनीवर गळ टाकला, तिथं अडाण्यासारखं उभं राहायला नको.
(जुळे सोलापूर)

उत्तर : अडाणी ठरण्याचं काहीच कारण नाही. उजनी वाचता येणाऱ्याला टेक्सोमा वाचायला वेळ लागणार नाही.

स्ट्रायपर म्हणजे स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. हा मुळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत चढणारा. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलायनात सँटी-कूपर इथं धरणं झाली, काही मासे आत अडकले आणि तिथंच वाढू लागले. त्यावरून कळलं की हा गोड्या पाण्यातही टिकतो. मग अनेक राज्यांत त्याचं बीज सोडलं गेलं. पण बहुतेक तळ्यांत तो स्वतः वाढत नाही. त्याची अंडी फुटेपर्यंत साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाशी बसली की गाळात गुदमरतात. टेक्सोमाला रेड आणि वॉशिता या दोन लांब नद्या येऊन मिळतात म्हणून तिथं तो आपोआप वाढतो. टेक्सोमा म्हणजे १९४४ साली पुऱ्या झालेल्या डेनिसन धरणाचा जलाशय, टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवर.

तिथं पारा फॅरनहाइटमध्ये सांगतात. तीन आकडे पाठ करा: ७७ म्हणजे आपले २५ अंश, ६८ म्हणजे २० आणि ५० म्हणजे १०. सगळा खेळ या तिघांत आहे.

मोठ्या स्ट्रायपरला २५ अंशांपेक्षा उष्ण पाणी सोसत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि तळाच्या गार पाण्यातला प्राणवायू संपतो. वर ऊन, खाली गुदमर, अशा मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तो कोंडलेला असतो. शरदात वरचं पाणी निवत निवत तळाइतकं गार झालं की थर मोडतो आणि सगळं तळं उलटंपालटं होतं. त्या आठ-पंधरा दिवसांत पाणी गढूळ, हिरवट-तपकिरी दिसतं, सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो, तळाचा कचरा वर तरंगतो. मासा आता कोंडलेला नसतो, म्हणून सगळीकडे विखुरतो. शोधायला हाच सगळ्यात अवघड काळ, आणि नवखा माणूस इथंच ‘मासा चालत नाही’ म्हणून परततो. अशा वेळी धरणाजवळच्या खोल पाण्याचा नाद सोडून नदी जिथं तळ्यात शिरते त्या वरच्या टोकाला जावं. तिथलं पाणी उथळ आणि वाहतं असल्यानं थर फारसे नसतातच, त्यामुळे उलथापालथही नसते.

पाणी ६८ च्या खाली आलं की चांगले दिवस सुरू होतात, ते पन्नाशीच्या मध्यापर्यंत टिकतात. स्ट्रायपरचं मुख्य खाद्य शॅड नावाचे लहान चंदेरी मासे. ते थव्यानं ओढ्यांच्या मुखाकडे, खाड्यांत शिरतात आणि स्ट्रायपर त्यांच्या मागे. म्हणून मासा शोधायचा नसतो, शॅड शोधायचे असतात.

ते शोधायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे कुरव पक्षी. भिगवणला हिवाळ्यात येतात त्यांच्याच जातकुळीतले. दुर्बीण घेऊन जा. कुरव उंच फिरत असतील तर तेही शोधातच आहेत. पाण्यावर गटानं बसलेले असतील तर खाली मासा आहे पण खोल आहे, किंवा नुकतंच खाऊन झालं आहे. तिथं थांबण्यात अर्थ आहे. सूर मारत असतील आणि पाणी उकळल्यासारखं दिसत असेल तर स्ट्रायपर शॅडना वर रेटतोय. तिथं बोट भरधाव घुसवणं ही सगळ्यात मोठी चूक. माशांचा थवा खाली बसतो आणि अर्धा तास वर येत नाही. पन्नास-साठ मीटर अलीकडे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला इंजिन बंद करा आणि वाऱ्यानं बोट वाहू द्या. थव्याच्या मधोमध न फेकता कडेला फेका.

बोटीवर सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेलच. शॅडचा थवा पडद्यावर ढगासारखा दिसतो, स्ट्रायपर त्या ढगाखाली किंवा बाजूला कमानीसारखे. कमान बोट हलत असताना दिसते, बोट उभी असेल तर तोच मासा लांब रेघ दिसतो, गोंधळू नका. कमान तीस फुटांवर असेल तर चारा सत्तावीस-अठ्ठावीस फुटांवर ठेवा. हा मासा वर बघून झडप घालतो, त्याच्या पोटाखाली टांगलेला चारा त्याला दिसत नाही.

जिवंत शॅड लावण्याची तऱ्हा अशी: मूळ दोरीत एक ते दोन औंसाचं, म्हणजे तीस ते साठ ग्रॅमचं सरकतं शिसं, खाली गरगर फिरणारी कडी, त्याखाली तीन-चार फूट दोरी आणि गोल वळणाचा गळ. शॅडच्या नाकपुड्यांतून गळ ओवतात म्हणजे तो पोहत राहतो. गोल गळाला झटका द्यायचा नसतो. मासा ओढत निघाला की काठी हळूहळू उचलायची, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. आपल्या हाताला हिसक्याची सवय असते, ती तिथं आवरावी लागेल. शॅड ठेवायची टाकी गोल असते, तेही लक्षात ठेवा. तो सारखा पोहत राहतो आणि चौकोनी टाकीच्या कोपऱ्यांवर नाक आपटून मरतो.

डिसेंबरात पाणी ५० च्या खाली गेलं की शॅड सुस्तावतात आणि त्यातली एक जात आणखी गारठ्यात मरूही लागते. स्ट्रायपर मग खोल पाण्यात मंद असतो, चारा जवळजवळ स्थिर धरावा लागतो. पण तोवर तुम्ही परतलेले असाल.

परवाना तुमच्याकडेही हवा, पाहुण्यालाही लागतो. टेक्सोमाचा वेगळा परवाना मिळतो, तो दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालतो. टेक्सासच्या नियमात टेक्सोमावर माणशी दिवसाला दहा मासे आणि त्यात वीस इंच किंवा त्याहून मोठे दोनच. परवाना काढताना चालू वर्षाचा नियम पाहून घ्या. तिथं व्हाइट बास नावाचा दिसायला सारखा मासाही असतो. शंका आली तर तोंड उघडून जीभ बघा: स्ट्रायपरच्या जिभेवर दातांचे दोन पट्टे शेजारी-शेजारी असतात, व्हाइट बासच्या एकच.

प्रश्न : हा मासा उजनीत सोडता येईल का?
(त्याच पत्रात)

उत्तर : नाही, आणि तसा प्रयत्न कुणी करू नये. उजनीचं वरचं पाणी वर्षातला बराच काळ २५ अंशांच्या वर असतं आणि उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू नसतो. मोठा मासा जगणार नाही. परदेशी मासा परवानगीशिवाय आणणं बेकायदा आहे. चिलापी आणि आफ्रिकन मांगूर बाहेरूनच आले, आणि त्यांनी गावठी माशांची जागा किती व्यापली हे भीमेकाठच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. कार्तिकात तीन दिवस ढगाळ होतं. चौथ्या दिवशी पहाटे सगळे मासे वर तोंड काढून हवा घेत होते. भूक लागली म्हणून पेंड टाकली, खाल्ली नाही. दहा वाजता खाली गेले. काही मेले. थंडीमुळे का?
(मोहोळ)

उत्तर : थंडीमुळे नाही, प्राणवायू संपल्यामुळे. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. तीन दिवस ऊन नाही म्हणजे भर पडलीच नाही, खर्च चालू राहिला. सूर्य उगवण्याआधी साठा सगळ्यात कमी असतो. त्यात गार रात्रीनं वरचं पाणी जड होऊन खाली गेलं असेल तर तळाचं नासकं पाणीही वर आलं असणार. अशा वेळी टाकलेली पेंड कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते. सगळ्यात जास्त नुकसान त्या पेंडीनं केलं.

पुन्हा असं दिसलं तर आधी खाद्य बंद. तळ्यातलंच पाणी मोटरीनं उचलून दोन-तीन फूट उंचीवरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा, पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा बांधला तरी चालतं. विहिरीचं ताजं पाणी सोडायचं असेल तर तेही असंच उंचावरून, कारण विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मोटर पहाटे तीनपासून ऊन पडेपर्यंत चालवा. सकाळी मासे तोंड काढून बसल्यावर सुरू केली तर निम्मं काम हातचं गेलेलं असतं.

चुन्याची घाई करू नका. पाण्याचा सामू (pH) साडेसातच्या खाली असेल तर गुंठ्याला दोन ते अडीच किलो चुना पाण्यात कालवून, निववून, सकाळी फवारा. सामू साडेआठच्या वर असेल, आणि हिरव्यागार पाण्यात दुपारी तो असतोच, तर चुना अजिबात नको. पाण्यातला अमोनिया त्यानं जास्त विषारी होतो. दोन्हीच्या मध्ये असेल तर थांबा, आधी हवा सुधारा. शेणखत-युरिया आठवडाभर बंद. पांढरी ताटली दोरीला बांधून सोडा: एका फुटाच्या आत दिसेनाशी होत असेल तर शेवाळ फार झालं आहे, पाव हिस्सा पाणी बदला.

आणि तोंड काढलेल्या माशाला गळ टाकणाऱ्यांसाठी, कारण हिप्परग्याहून तसंही विचारलं आहे: तो मासा खात नाही. त्याला श्वासाची पडली आहे.

प्रश्न : हिवाळ्यात रोहू-मृगलसाठी चाऱ्याचं प्रमाण काय ठेवावं?
(हिप्परगा)

उत्तर : दोन वाट्या शेंगपेंडीचा चुरा, एक वाटी भाजलेलं ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी डाळीचं पीठ, सुपारीएवढा गूळ. पेंड रात्री भिजवू नका, तासभर पुरे. आंबलेला वास उन्हाळ्यात चालतो, गार पाण्यात चारा मऊ आणि ताजा हवा. पाणी चमच्यानं घाला. गोळा मुठीत दाबला की टिकला पाहिजे आणि बादलीतल्या पाण्यात सोडला की वीस मिनिटांत विरघळून पसरला पाहिजे. तासाभरानंतरही तसाच राहिला तर ज्वारीचं पीठ वाढवा, पाच मिनिटांत फुटला तर डाळीचं. गळावरची गोळी बोरापेक्षा मोठी नको. गार पाण्यात रोहू चारा ओठांनी चाखत बसतो, तरंगा बुडत नाही, नुसता थरथरतो किंवा किंचित वर उचलला जातो. वर उचलला गेला तेव्हाच ओढा.

प्रश्न : होडीतून आत जावं का?
(कुर्डुवाडी)

उत्तर : जीवरक्षक जाकीट अंगात असेल तरच, आणि दुपारनंतर वारा वाढायच्या आत परत. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळात बोट उलटून सहा जण गेले. हिवाळ्यात वादळं नसतात, पण जाड स्वेटर भिजला की पोहणाराही दमतो, आणि पाण्याखालच्या जाळ्यांत पाय अडकतो. जाकीट होडीत ठेवून चालत नाही, बांधलेलं हवं.